वाशिमला खायचं काय आणि कुठे?

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा, मालेगावच्या बाजूने लांबलांबची माणसं जाऊ-येऊ लागली. त्यातले काहीजण कारंजाला गुरुमंदिरात उतरतात, काही पोहरादेवीला, काही शिरपूरच्या जैन मंदिरात. परतताना बहुतेकांचं म्हणणं एकच असतं: दर्शन छान झालं, पण खायला काही मिळत नाही. हीच मंडळी गोव्याला गेली की गावातल्या लोकांची खानावळ कुठे आहे ते विचारत फिरतात. वाशिमला मात्र पनीर मसाला मागवतात आणि तो बेचव निघाला की दोष जिल्ह्याला देतात. वाशिमच्या स्वयंपाकाला हा अन्याय आहे, आणि त्यामागे काही पक्के गैरसमज आहेत.

‘वऱ्हाडी जेवण म्हणजे नुसता जाळ’

हा समज सावजीमुळे झाला. सावजी रस्सा नागपूरचा. तिथल्या हलबा-कोष्टी विणकरांच्या घरातून तो खानावळीत आला. वाशिम ज्यात येतं तो वऱ्हाड हा मुलूख वेगळा. नागपूर भोसल्यांचं होतं, वऱ्हाड निजामाकडून १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आला आणि मध्यप्रांताला जोडला गेला तो १९०३ साली. दोन्हीकडची चूलही वेगळीच राहिली. वाशिमच्या घरातलं रोजचं ताट म्हणजे तुरीचं फोडणीचं वरण, चून म्हणजे पिठलं, अंबाडीची भाजी, कधी गोळ्याची कढी, बाजूला जवसाची नाहीतर शेंगदाण्याची चटणी आणि बुक्कीने फोडलेला कांदा. तिखट असतं, नाही असं नाही; पण ते ठेच्यात असतं आणि ठेचा किती घ्यायचा हे खाणाऱ्याच्या हातात असतं. लग्नाच्या पंगतीतली वांग्याची भाजी मात्र लालभडक असते, तिला जपून हात घाला. तोंड पोळलं तर पाणी पिऊन उपयोग नाही, कारण मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ताक, कढी, दही यांनी आग खरंच कमी होते.

‘सोयाबीनचा जिल्हा, तेव्हा ताटातही सोयाबीन’

खरिपात नजर जाईल तिथे सोयाबीन दिसतं, म्हणून पाहुणे असं धरून चालतात. ते पीक बाजार समितीत जातं, तिथून तेलगिरणीत. तेल निघाल्यावर उरलेली पेंड कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात. कच्च्या दाण्यात प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात, त्यामुळे तुरीसारखं त्याचं साधं वरण घरोघर होत नाही. ताटात येते ती त्याच वावरात सोयाबीनच्या ओळींमध्ये पेरलेली तूर.

याच सोयाबीनने ज्वारी मात्र मागे सारली. ‘खेड्यात गेलं की भाकरी मिळणारच’ हे आता गृहीत धरता येत नाही. पुष्कळ घरांत रोज गव्हाची पोळीच होते. भाकरी हवी असेल तर हिवाळ्यात या आणि आधी सांगून ठेवा. हुरडाही डिसेंबर-जानेवारीतच, तोही ज्याने ज्वारी पेरली असेल त्याच्याच वावरात.

‘मोठ्या हॉटेलात मिळत नाही, म्हणजे इथे खास असं काही नाही’

सगळ्यात जास्त नुकसान या समजाने होतं. इथलं सगळ्यात चांगलं जेवण रोडग्याचं, आणि ते बहुधा हॉटेलच्या कार्डावर नसतं. रोडगे होतात नवसाला, मारुतीच्या पारावर, नाहीतर वावरात झाडाखाली. गहू जाडसर, रवाळ दळून आणायचा. तेलाचं मोहन घालून कणीक घट्ट मळायची, लहान पाऱ्या लाटून त्यांना तेल लावून एकात एक घालायच्या आणि वरून बंद करून गोळा वळायचा. तोवर एकीकडे गवऱ्या पेटवलेल्या असतात. त्यांचा धूर सरून लाल निखारे राहिले की गोळे त्यात सोडायचे, वरून तापली राख ओढायची आणि मधूनमधून उलटायचे. घाई केली तर बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो. भाजून निघालेला रोडगा फडक्यात घेऊन राख झटकतात आणि मुठीने फोडतात. आतून पदर सुटे होतात, वाफ निघते, त्यावर तूप ओततात. मग वरण आणि वांग्याची भाजी. तिच्यावर सांभार, म्हणजे कोथिंबीर, सढळ हाताने पेरलेला. शेवटचा तुकडा कुस्करून तूप-साखरेबरोबर खायचा.

पाहुण्याला हे मिळतं कसं? ओळखीच्या घरी शब्द टाकून, किंवा रोडग्याचा स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्याला आदल्या दिवशी सांगून. चारसहा माणसं असली तर त्यालाही परवडतं. ऐन वेळी गाडी थांबवून मागायची ही वस्तू नाही.

दुसरी जागा यात्रेची. रथसप्तमीला मालेगाव तालुक्यातल्या डव्ह्याला नाथनंगे महाराजांची यात्रा भरते आणि पुरी-भाजीचा महाप्रसाद होतो. सीमेपलीकडे बुलडाणा जिल्ह्यात हिवरा आश्रमाला विवेकानंद जयंतीच्या उत्सवात पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरमधून वाढतात, इतकी मोठी पंगत बसते. तिथे ओळख लागत नाही. ओळीत बसायचं आणि पानात घेतलेलं संपवायचं.

‘रस्त्यावरचं खाल्लं की पोट बिघडणार’

आठवडी बाजारात कढईतून निघणारा आलूबोंडा किंवा भजी तुमच्यासमोर तळलेली असतात. तापलेल्या तेलात जंतू टिकत नाहीत. धोका असतो तो सकाळपासून उघड्या राहिलेल्या चटणीत, चिरलेल्या फळांत, बर्फात आणि पाण्यात. शिजवलेलं अन्न साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि हा नियम काचेआडच्या बुफेलाही तितकाच लागू आहे. मे महिन्यात तर जास्तच. बोंडा गरम घ्या, चटणी सोडा, पाणी आपलं ठेवा. बाजाराचा वार प्रत्येक गावाचा वेगळा असतो, तो एसटी स्टँडवर कोणीही सांगेल.

‘पोहरादेवीला बंजारा जेवण म्हणजे मटण’

मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं सर्वांत मोठं तीर्थ. रामनवमीला इथे देशभरातून तांडे येतात. इथल्या संत सेवालाल महाराजांना भोग गोडाचा असतो: गहू, गूळ आणि तूप यांचा. सळोई हा मटणाचा पदार्थ बंजाऱ्यांचा खरा, पण तो घरच्या कार्याचा, सणावाराचा. रोज तांड्यात बाटी, म्हणजे जाड भाकरी, आणि भाजीच असते. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी इथे बंजारा विरासत संग्रहालय सुरू झाल्यापासून पर्यटकही येऊ लागले आहेत. त्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं की तांडा हा लोकांच्या राहत्या घरांचा आहे. फोन काढून चुलीचे फोटो घेत फिरू नका. कोणी बसा म्हटलं तर बसा आणि जे वाढलं ते खा.

शिरपूर आणि कारंजात जैन भोजनालयात जेवायचं असेल तर सूर्यास्ताआधी पोहोचा. थाळीत कांदा, लसूण, बटाटा नसतो. सूर्य मावळल्यावर तिथे जेवण मिळत नाही, म्हणून हिवाळ्यात साडेपाचच्या आत पानावर बसलेलं बरं.