हात मोकळे, पण कान उघडा : बिनवायरीचा हेडसेट घेताना आणि वापरताना

स्वारगेटच्या एस.टी. स्थानकावर पहाटेपासून सासवड, फलटण, बारामती, साताऱ्याकडच्या गाड्या येत असतात. कुणाला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आडत्याकडून पट्टी घ्यायची असते, कुणाला कचेरीचं काम असतं, कुणाला मोटारीचा सुटा भाग हवा असतो. काम उरकलं आणि परतीच्या गाडीला अवकाश असला, की पाय पथारीवाल्यांकडे वळतात. चार्जर, चष्मे, पाकिटं यांच्या जोडीला तिथं हल्ली बिनवायरीचे हेडसेटही मांडलेले असतात. दीड-दोनशेला मिळतोय म्हणून घेतला जातो आणि पंधरा दिवसांत खुंटीला टांगला जातो. पैसे तर गेलेच, शिवाय ‘ही वस्तू आपल्या कामाची नाही’ असा गैरसमज होतो तो वेगळाच.

खरं तर वस्तू कामाची आहे. शेतकऱ्याचा फोन नेमका हात गुंतलेले असतानाच वाजतो. धार काढताना, दारं धरताना, भाजीच्या जुड्या बांधताना आडत्याचा, डेअरीचा नाही तर मजुरांच्या मुकादमाचा फोन येतो. ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठी यांचीही तीच गत. एका हातात पंचनाम्याचे कागद आणि तिकडून तहसील कचेरीचा फोन. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा मोफत क्रमांक सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत चालू असतो. रोगट पान हातात धरून, उलटसुलट पाहून, त्यावरचे डाग सांगत बोलता आलं तर सल्लाही नेमका मिळतो. त्यासाठी दोन्ही हात मोकळे हवेत.

प्रकार तीन

पहिला, एकाच कानाला लावायचा. दुसरा कान उघडा राहतो आणि काहींना तोंडाकडे येणारी लहान दांडी असते. माइक तोंडाजवळ असल्यामुळे पलीकडच्याला बोलणं स्पष्ट जातं. शेतकामाला हाच बरा. दुसरा, मानेत अडकवायचा नेकबँड. सहसा हरवत नाही, बॅटरी जास्त चालते आणि फोन आला की बऱ्याच नेकबँडची पट्टी मानेवर थरथरते. तिसरा, दोन सुटे बड. हे दिसायला छान, पण उसात किंवा गवतात पडले तर सापडत नाहीत. शेतकऱ्यानं यांच्या नादी लागू नये.

कंपनीचा साधा माल साधारण पाचशे ते दीड हजारात मिळतो. त्याहून जास्त पैसे घालण्याची गरज नाही.

डब्यावर काय वाचावं?

डब्यावर इंग्रजी अक्षरांची भाऊगर्दी असते. त्यातल्या चार गोष्टी पाहा.

एक, ‘ई.एन.सी.’ आणि ‘ए.एन.सी.’ यांत गल्लत करू नका. ई.एन.सी. असेल तर आपल्या भोवतालचा गोंगाट कमी होऊन पलीकडच्याला आपला आवाज नीट जातो. ए.एन.सी. आपल्याच कानात येणारा बाहेरचा आवाज दाबते. आपल्याला पहिली हवी. दुसरी नसली तरी चालेल. रस्त्यावर आणि रानात तर ती नकोच, कारण मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न ऐकू यायला हवा.

दोन, धूळ आणि पाणी. ‘आय.पी.’ या अक्षरांपुढे दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. पहिल्याच्या जागी फुली असेल तर धुळीची चाचणी झाल्याचा दाखला नाही असं समजा. मळणीच्या दिवसांत तो टिकेल याची खात्री नाही. ‘आय.पी. ५४’ किंवा त्याहून वरचा पाहावा.

तीन, बॅटरी. डब्यावरचे तास बहुतेक वेळा मध्यम आवाजात गाणी ऐकण्याचे असतात. बोलण्याचे तास त्याहून कमी भरतात. ‘टॉकटाइम’ वेगळा लिहिला असेल तोच धरा. चार्जिंगची पिन फोनचीच, म्हणजे टाइप-सी असावी.

चार, बी.आय.एस.चं चिन्ह आणि ‘आर’ अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक. ‘बी.आय.एस. केअर’ या मोफत ॲपवर क्रमांक टाकला की नोंदणी खरी की खोटी ते कळतं. पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड मागून घ्या. बिल नसेल तर तक्रारीला आधार उरत नाही. बिल असूनही दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

स्वारगेटला आलाच आहात तर पथारीवर थांबू नका. सप्टेंबर २०२४ पासून इथून भुयारी मेट्रो सुरू झाली आहे. मंडई हे पुढचंच स्थानक. तिथून बुधवार पेठेतली तापकीर गल्ली चालत जाण्याच्या अंतरावर आहे. विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक मालाची ही जुनी बाजारपेठ. चार दुकानं फिरा, भाव करा. घेण्याआधी दुकानदाराला सांगून हेडसेट रस्त्यावर आणा आणि घरी फोन लावा. रिक्षा-बसच्या आवाजात घरच्यांना तुमचं बोलणं कळलं, तर रानातही कळेल. दुकानात आत बसून घेतलेली परीक्षा काही खरी नव्हे.

फोनला जोडणं

हेडसेटचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरा. फोनच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ चालू करा. यादीत हेडसेटचं नाव आलं की त्यावर बोट ठेवा. जुन्या फोननं आकडा मागितला तर बहुधा ०००० चालतो. एकदा जोडला की पुढं आपोआप जोडला जातो. बटणांच्या साध्या फोनमध्ये ब्लूटूथ आहे का, हे घेण्याआधी पाहा.

ब्लूटूथ साधारण १० मीटरपर्यंत पोचतं. आपल्या अंगातलं पाणी या लहरी शोषतं, म्हणून हेडसेट उजव्या कानात असेल तर फोनही उजव्याच खिशात ठेवा. मोबाइलची रेंज नसेल तिथं हेडसेट काही करू शकत नाही. ‘डोक्याला किरणं लागतात का?’ असं बरेच जण विचारतात. अशा हेडसेटची ताकद फोनपेक्षा कितीतरी कमी, साधारण अडीच मिलिवॅटपर्यंत असते. पेसमेकर बसवलेल्यांनी मात्र चुंबक असलेले बड किंवा नेकबँड छातीपासून निदान १५ सेंटिमीटर दूर ठेवावेत आणि डॉक्टरांना विचारावं.

कुठं वापरू नये?

सर्वांत महत्त्वाचं हेच. ट्रॅक्टरचा पी.टी.ओ. शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. नेकबँडची लोंबती वायर त्यात, मळणी यंत्राच्या पट्ट्यात किंवा कडबा कुट्टीत अडकली तर ‘थांब’ म्हणायलाही वेळ मिळत नाही. उपरणं आणि साडीचा पदर यांना जो नियम, तोच नेकबँडला. फिरत्या यंत्राजवळ जाताना तो काढून ठेवा.

फवारणी करतानाही नको. औषधाचा हात कानाला, तोंडाला लागतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरून चालणार नाही. आधी हात साबणानं धुवा, मग फोन घ्या.

आता रस्ता. माल भरलेला टेम्पो रात्री दिवे घाटातून किंवा कात्रजमार्गे मार्केट यार्डाकडे निघतो आणि वाटेत ‘कुठवर आला?’ म्हणून फोन येतो. ताशी ४० किलोमीटर वेगानं गाडी सेकंदाला ११ मीटर पुढं जाते. तीन सेकंद लक्ष ढळलं की ३३ मीटर अंतर आंधळेपणानं कापलं. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून चालवताना फोन हातात धरून वापरणं कलम १८४ नुसार धोकादायक चालवण्यात मोडतं. पहिल्या गुन्ह्याला एक हजार ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. हेडसेट घातला म्हणजे मोकळीक मिळाली असं नाही. हात मोकळे होतात, पण डोकं बोलण्यातच गुंतलेलं असतं. गाडी कडेला घ्या, मग बोला. आणि चालवणाऱ्याला वारंवार फोन न करणं ही घरच्यांची आणि आडत्याची जबाबदारी.

ट्रॅक्टरच्या आवाजावर मात करायला हेडसेटचा आवाज वाढवत नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच सुरक्षित आहे. बिनकेबिनच्या ट्रॅक्टरवर नुसत्या इंजिनाचाच आवाज त्याहून जास्त असतो. इंजिन बंद करून बोला.

निगा

घाम रोज कोरड्या फडक्यानं पुसा. पिन ओली असताना चार्जिंगला लावू नका. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर किंवा उन्हात ठेवू नका, बॅटरी लवकर मरते. एकाचा हेडसेट दुसऱ्यानं कानात घालू नये, कानाचे आजार पसरतात. निकामी झाला तर उकिरड्यावर न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. त्यातली बॅटरी शेणखताबरोबर रानात जाता कामा नये.

हेडसेट हे अवजार आहे. विळा जसा कामापुरता हातात धरतो आणि काम झालं की आडाला खोचतो, तसाच हा कामापुरता कानाला लावावा. ग्रामसभेत किंवा दूध संकलन केंद्रावर पाच मिनिटं काढून यंत्र, फवारणी आणि रस्ता ही तीन पथ्यं सर्वांना सांगितली, तर एखाद्या घरावरचं संकट टळेल.