कौतुक आणि दाम

हवापालटाला कुठं जायचं, हे इंग्लंडमध्ये एकेकाळी रेल्वे स्टेशनवरची चित्रं सांगायची! १९०८ साली ग्रेट नॉर्दर्न रेल्वेनं स्केगनेस या समुद्रकाठच्या गावाची जाहिरात काढली. वाळूवर आनंदानं उड्या मारणारा गुबगुबीत, हसरा कोळी! चित्रकार जॉन हॅसल यांना मिळाले फक्त १२ गिनी. त्यांनी तोवर ते गाव पाहिलंही नव्हतं. पण चित्रामुळे स्केगनेसचं नाव सगळीकडे झालं. तो कोळी आजही गावाची ओळख आहे. पुढे १९३६ मध्ये गावानं हॅसल यांचा मानसन्मान केला. पण सन्मानानं चूल पेटते का? बचत गटातल्या मैत्रिणींनो, आपल्या भरतकामाचं कौतुक सगळेच करतात. कौतुक जरूर घ्या, पण दाम आधी ठरवा!