मजल्यामजल्यावर पडवी

मुंबईला गेलात आणि पेडर रोडवरून जाण्याचा योग आला, तर जरा मान वर करून कंबाला हिलकडे बघा. एक उंच, चौकोनी इमारत दिसेल. बर्फीच्या वडीचे कोपरे कुणी मोडून घ्यावेत, तसे तिचे कोपरे मधून मधून काढलेले आहेत. हीच ‘कांचनजंगा’. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी बांधलेली, १९८३ साली पूर्ण झालेली. मजले २८, पण घरं फक्त ३२! म्हणजे बडे लोकच राहणार. आपण बाहेरूनच बघायचं.

मला ती आवडते ती त्या कोपऱ्यांसाठी. मुंबईत समुद्रावरचा वारा पश्चिमेकडून येतो. पण दुपारचं रणरणतं ऊन आणि पावसाची झोडही तिकडूनच. खिडकी उघडावी तरी पंचाईत, बंद करावी तरी पंचाईत. जुन्या बंगल्यांत यावर उपाय होता, खोल्यांभोवती फिरणारा व्हरांडा. ऊन-पाऊस तिथेच अडायचा, वारा तेवढा आत यायचा. आपली पडवी तरी दुसरं काय करते? कोरियांनी हीच पडवी उचलून आभाळात नेली. ते मोडलेले कोपरे म्हणजे दोन-दोन मजले उंचीच्या गच्च्या आहेत, झाडं लावायला जागा असलेल्या.

श्रीमंतांचे चोचले, असं म्हणाल. मग नवी मुंबईत बेलापूरचं ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ बघा. सिडकोसाठी कोरियांनीच १९८०च्या दशकात ही वसाहत आखली, तीही कमी उत्पन्नाच्या कुटुंबांचा विचार करून. सात-सात घरं एका सामाईक अंगणाभोवती. दोन घरांत सामाईक भिंत नाही, त्यामुळे पैसे जमतील तसं ज्याचं त्यानं वाढवावं, शेजाऱ्याशी भांडण नको. पुढे लोकांनी खरंच वाढवलं, कित्येकांनी मूळ घर पाडून सिमेंटचे बंगले उठवले. जाणकार हळहळतात. मला त्यात फारसं वाईट वाटत नाही. घर राहणाऱ्याचं असतं.

आणि आपल्या गावात काय चाललंय? कौलारू घर पाडायचं, स्लॅब टाकायचा आणि पहिला बळी पडवीचा. फ्लॅट असेल तर बाल्कनी हॉलमध्ये घ्यायची, वर स्लायडिंगच्या काचा. मग दुपारी भट्टी होते आणि विजेचं बिल येतं. शिवाय पडवी म्हणजे नुसती हवा नव्हे. गहू निवडणं, लसूण सोलणं, शेजारणीशी दोन शब्द... उंबऱ्याबाहेर न जाताही बाहेर असण्याची बाईची ती एकच जागा.

आमच्याही घराचं बांधकाम काढलंय. परवा कंत्राटदार नकाशा घेऊन आला. “वहिनी, पडवी काढली की दहा बाय बाराची बेडरूम निघते. एसीचा पॉइंटही देतो.” मी विचारलं, पश्चिम कुठल्या बाजूला? त्याने नकाशा दोनदा फिरवला. आमचे हे बेडरूमच्या बाजूचे, मुलं तर एसीवर खूश.

सासूबाईंचे गुडघे गेलेत. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्या पडवीतच असतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “मग मी बसायचं कुठं?”

कंत्राटदाराने नकाशा गुंडाळला. सोमवारी दुसरा घेऊन येतो म्हणाला.