पावत्यांची बेरीज म्हणजे गाडीची किंमत नव्हे

"आजवर साडेचार लाख घातलेत या गाडीत. पाचच्या खाली देणार नाही."

सोलापुरात मॉडिफाय केलेली जुनी फियाट विकायला काढलेल्या माणसाशी बोलायला बसा, चहा संपायच्या आत हे वाक्य येतं. आकडा बदलतो, वाक्य तेच. पाठोपाठ पावत्यांची फाइल येते: अलॉय व्हील, बकेट सीट, रंगकाम, लेथचं काम, कुठून तरी शोधून आणलेलं दुसऱ्याच गाडीचं इंजिन. ऐकून ऐकून कान किटले, म्हणून आज हा हिशेब नीट मांडतो.

फियाटबद्दल सोलापूरकराला हळवं व्हायचा हक्क आहे, हे आधीच मान्य करतो. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालचा, सोलापूरचाच. त्यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली. आधीची गोलमटोल 'डुक्कर फियाट', मग १९६४ ची डिलाइट, १९७२ ची प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद जेमतेम ४० अश्वशक्ती, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. म्हणजे कारखान्यातून निघालेली ही घरगुती गाडी. पण इटलीत याच ११०० ची 'तुरिस्मो वेलोचे' ही वेगवान आवृत्ती १९५३ मध्येच निघाली होती आणि आपल्याकडे चेन्नईजवळच्या शोलावरमच्या शर्यतींत तयार केलेल्या फियाट पळत होत्या. खरीखुरी दोन सीटची परदेशी स्पोर्ट्स कार ज्यांच्या आवाक्यात नव्हती, त्यांनी फियाटलाच स्पोर्ट्स कार केलं. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तिचे फोटो सगळीकडे झळकले आणि शेडमधल्या धूळ खाणाऱ्या पद्मिनीकडे मालक नव्या नजरेने पाहू लागले. इथवर सगळं ठीक. घोटाळा होतो तो किंमत सांगताना.

मोठा गैरसमज: जेवढा खर्च केला, तेवढी किंमत यायलाच हवी

नाही. आणि यात बाजाराचा अन्याय काही नाही.

पहिलं कारण आवडीचं. मॉडिफिकेशन हे स्वतःच्या मापाने शिवून घेतलेल्या कोटासारखं असतं. तो विकायला काढला तर कापडाचे थोडे पैसे येतील, शिलाई कोणी देणार नाही. तुम्हाला जर्द पिवळा रंग आणि जमिनीला टेकलेली गाडी आवडते. घेणाऱ्याला मूळ पांढरा रंग हवा असेल, शिवाय त्याला सोलापूरच्या गतिरोधकांवरून रोज जायचं असेल. तुमची हौस त्याच्या लेखी पुढचं खर्चाचं काम आहे.

दुसरं कारण मजुरीचं. पावत्या नीट पाहा. त्यांतला मोठा हिस्सा सामानाचा नसतो. तो डेंटिंग-पेंटिंगचा, वेल्डिंगचा, वायरिंगचा, चुकलेलं काम पुन्हा करून घेतल्याचा असतो. हा पैसा कामात जिरलेला आहे, सुटा करून परत मिळत नाही. उलट गाडी मूळ रूपात आणायची असेल तर तेवढीच मजुरी पुन्हा लागते, आणि जाणकार गिऱ्हाईक ती मनातल्या मनात किमतीतून वजा करूनच बोलायला सुरुवात करतं.

तिसरं कारण सगळ्यांत जड, आणि ते ऐकायलाच कोणी तयार नसतं: कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीतला तपशील निर्मात्याने मुळात ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. सीएनजी, एलपीजी, बॅटरीवर चालवण्याची मान्यताप्राप्त किट असे ठरावीक अपवाद आहेत. "हे नुसतं कागदावर, प्रत्यक्षात कोण बघतं" असं म्हणणाऱ्यांसाठी: केरळमधून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हेच कलम उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द पुन्हा वाचा.

आता ते दुसऱ्या गाडीचं इंजिन घ्या. बॉनेट उघडून मालक छाती फुगवून दाखवतो, "हायवेला उडते बे!" उडत असेल. पण आरसीत इंजिन नंबर एक आणि ब्लॉकवर पंच केलेला दुसरा, तर ती गाडी नावावर होताना अडणार, पुनर्नोंदणीला अडणार, आणि अपघात झाला तर विम्याच्या दाव्यातही अडणार. घेणारा हा धोका फुकट पत्करत नाही. अशा गाडीला धड गाडीचीही किंमत येत नाही. येते ती सुट्या भागांची.

मग बदलाने किंमत वाढतच नाही का?

वाढते, पण कोणत्या बदलाने ते पाहा. नट-बोल्ट सोडून काढता येणारे बदल असतील आणि मूळ चाकं, मूळ सीट, मूळ कार्बोरेटर पोत्यात बांधून जपलेले असतील, तर गाडीचं काही बिघडत नाही. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर, धड सीटबेल्ट, नीट केलेलं वायरिंग यांनी गाडी रोज चालवण्याजोगी होते, आणि अशी गाडी लवकर विकली जाते. याउलट जिथे पत्रा कापला, चाकांच्या कमानी रुंद केल्या, चासीला वेल्डिंग लावलं, तिथे किंमत खालीच येते.

यावर हमखास परदेशातलं उदाहरण तोंडावर फेकलं जातं. घ्या, मीच देतो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात १९६२ ची फेरारी २५० जीटीओ लिलावात ४.८४ कोटी डॉलरला गेली. ती मूळ रूपात नव्हती, १९६४ मध्ये तिची बॉडी बदललेली होती. मात्र ती बदलली फेरारीच्या बॉडी बनवणाऱ्या स्कालिएत्तीने, शर्यतीसाठी, त्याच काळात, आणि त्याची लेखी नोंद आहे. जीटीओ मुळात चाळिसाच्या आतबाहेरच बनल्या. तिथे पैसे बदलाला मिळाले नाहीत, इतिहासाला आणि त्याच्या पुराव्याला मिळाले. होटगी रोडच्या गॅरेजात मागच्या दिवाळीला केलेलं काम कितीही सुबक असलं तरी त्या रांगेत बसत नाही.

किंमत काढायची कशी?

साध्या चार पायऱ्या. एक: तेच मॉडेल, तेवढ्याच चांगल्या अवस्थेतलं पण न बदललेलं, प्रत्यक्षात कितीला विकलं गेलं ते शोधा. दोन: तुमची गाडी मूळ रूपात आणायला किती खर्च येईल, हे तुमच्या नव्हे, दुसऱ्या मेकॅनिककडून विचारून वजा करा. तीन: सुटे काढून विकता येतील अशा वस्तू जुन्या भावाने मिळवा. चार: बाकी राहिलेली कागदपत्रं पूर्ण करण्याचा खर्च वजा करा.

समजा, तशीच न बदललेली गाडी ३ लाखांना गेली. मूळ रूपात आणायला ८० हजार. अलॉय आणि सीट मिळून जुन्या भावाने ४० हजार. पुनर्नोंदणी आणि किरकोळ कामं २० हजार. हिशेब येतो २ लाख ४० हजारांवर. तुम्ही साडेचार लाख घातले, हा आकडा या गणितात कुठेच आला नाही. विसरलेला नाही, त्याला तिथे जागाच नाही. ते पैसे तुम्ही हौसेला दिले आणि त्याचा मोबदला गाडी चालवताना घेतलाही. हौसेला मोल नसतं हे खरं, पण ते मोल दुसऱ्याकडून वसूलही होत नसतं.

आणखी काही गैरसमज, थोडक्यात

*"पन्नास वर्षं झाली, आता व्हिंटेज नंबर घेतो, किंमत दुप्पट."* केंद्राच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली गाडी 'व्हीए' मालिकेत नोंदवता येते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेली चालत नाही. शुल्क २०,००० रुपये, आणि नोंदणी झाल्यावर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही.

*"ऑनलाइन अशाच गाडीला सहा लाख लावलेत."* लावलेत, मिळालेले नाहीत. महिनोन्‌महिने तीच जाहिरात दिसते आहे, यातच उत्तर आलं.

*"नवा रंग मारला की भाव चढतो."* जुन्या गाडीवरचा ताजा रंग पाहून जाणकार आधी चुंबक काढतो, कारण पुट्टीखाली काय दडलंय ते त्याला बघायचं असतं. शिवाय रंग बदलला असेल तर आरसीत नोंद हवी.

*"सोलापूरची गाडी, गंजाचं नाव नको."* निम्मं खरं. आपल्याकडच्या कोरड्या हवेत पत्रा मुंबई-कोकणापेक्षा नक्कीच टिकतो, पण इथलं ऊन रबर, डॅशबोर्ड आणि सीट खातं, आणि घेणारा तेही बघतो.

*"रीपासिंग म्हणजे किरकोळ काम."* खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. वीस वर्षांपुढच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून त्याचं शुल्क १०,००० रुपये झालं आहे, पर्यावरण कर वेगळा.

*"विमा आहे, घातलेले सगळे पैसे मिळतील."* पाच वर्षांपुढच्या गाडीचं विमामूल्य कंपनी आणि मालक आपसांत ठरवतात. पॉलिसी घेताना न सांगितलेला बदल पुढे दाव्याच्या आड येतो.

*"पैसे घेतले, चावी दिली, विषय संपला."* संपत नाही. फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी नव्या मालकाच्या नावावर होईपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्याचीच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

तेव्हा विकायला काढण्याआधी पावत्यांची फाइल बाजूला ठेवा आणि आरसी हातात घ्या. चासी नंबर, इंजिन नंबर, रंग, इंधन या चार गोष्टी गाडीशी जुळवून पाहा. जुळत नसतील तर आधी ते निस्तरा, मग आकडा बोला. आणि ज्यांनी अजून पत्रा कापलेला नाही त्यांना एवढंच सांगणं: हौस जरूर करा, पण काढलेला एकही मूळ भाग भंगारात देऊ नका.