मुरुमं : घरगुती उपाय कुठपर्यंत?

पालक आणि शिक्षकमित्रांनो, सातवी-आठवीतली मुलं रुमालाने तोंड झाकून बसू लागली की समजावं, मुरुमं आलीत. वयात येताना संप्रेरकांमुळे त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, रंध्रं बंद होतात, त्यात जिवाणू वाढून सूज येते. म्हणजे ही अस्वच्छता नव्हे. "तोंड धूत नाहीस" असं मुलांना बोलू नका.

घरी एवढंच करा : सौम्य साबणाने दिवसातून 2 वेळा चेहरा धुवा, मुरुमं फोडू नका. लिंबू किंवा टूथपेस्ट लावू नका. त्वचेची आग होते, काळे डाग राहतात. हळद-बेसनाने वरचं तेल निघतं, पण आतली सूज जात नाही.

सगळ्यांत घातक म्हणजे कुणीतरी सुचवलेलं स्टिरॉइडचं क्रीम. आधी चेहरा उजळतो, मग मुरुमं आणखी वाढतात. 2018 पासून अशी अनेक क्रीम्स डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, ती उगाच नाही.

गाठी, पू किंवा खड्डे दिसले तर थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठा. आपल्या पनवेलकरांना कामोठ्याच्या एमजीएम रुग्णालयातला त्वचारोग विभाग जवळ आहे. औषधाचा गुण यायला 6 ते 8 आठवडे लागतात, मधेच सोडू नका. मुरुमं जातात, उशीर केला तर खड्डे मात्र जन्मभर राहतात.