कपभर पास्ता म्हणजे किती?

अमेरिकन पाककृतींत ‘दोन कप कोरडा पास्ता’ असे जे परिमाण आढळते, त्याचा ग्रॅममध्ये हिशेब मांडू पाहणाऱ्याने आधी हे विचारावे, की पास्ता कोणत्या आकाराचा? कारण तेथील कप सुमारे २४० मिलिलिटरचा, हे ठरलेले असले, तरी त्यात आखूड, बाकदार मॅकरोनी घातली तर ती १०० ग्रॅमच्या थोडी वर भरते, आणि पीळदार फुसिली घातली तर तराजूचा काटा ८५ च्या आसपासच स्थिरावतो. दोन्ही जिन्नस ड्युरम गव्हाच्या रव्याचे. इटलीत तर सुक्या पास्त्यासाठी हाच रवा वापरण्याचे बंधन १९६७ च्या कायद्याने घातले आहे. तेव्हा ही तफावत द्रव्याची नसून पोकळीची होय. सुका पास्ता पाण्यात तळाशी जातो इतका घन, आणि तरीही ८५ ग्रॅम फुसिलीचे निव्वळ द्रव्य कपाचा जेमतेम चौथा हिस्सा व्यापते. उरलेली सारी हवा!

मापाने मोजण्यातील ही कसर दूर करण्याचा मोठा उद्योग अमेरिकेत फॅनी फार्मर या विदुषीने केला. १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पाकग्रंथात, कप शिगोशीग न भरता सुरीने सपाट करून घ्यावा, असा आग्रह तिने धरला. शेर, पायली, मापटे, चिपटे यांनी धान्य मोजणाऱ्या आपल्या लोकांना शीग धरावी की सपाट घ्यावे हा वाद नवा नव्हता. १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनांचा अंमल सुरू झाल्यावर तो हळूहळू मागे पडला. परंतु पीठ आणि साखर यांना जी सुरी निमूटपणे सपाट करते, ती पेन्नेच्या तिरप्या नळ्यांना अडते. एक नळी ढकलावी तो दुसरी उभी राहते, आणि सपाट कशाला म्हणावे हेच कळेनासे होते.

स्पॅगेटी तर कपात मावतच नाही. तिची जुडी बोटांच्या चिमटीत धरून अजमास करतात. एका माणसाच्या जुडीचा व्यास साधारण दोन सेंटिमीटर असतो. येथे भूमितीचा फसवा भाग असा, की व्यास दुप्पट केला म्हणजे वजन दुप्पट न होता चौपट होते. दोघांसाठी जुडी चार नव्हे, तर पावणेतीन-तीन सेंटिमीटरची पुरे.

इटलीतील प्रमाण बिनतक्रार वजनाचे: माणशी ८० ग्रॅम सुका पास्ता, आणि प्रत्येक १०० ग्रॅमला एक लिटर पाणी व १० ग्रॅम मीठ. शिजल्यावर त्याचे वजन दुपटीहून थोडे अधिक होत असल्याने, कृतीतील आकडा सुक्याचा की शिजलेल्याचा हे आधी पाहावे. या एका गफलतीपुढे कपाची कसर काहीच नव्हे.

घरी तराजू नसल्यास पाकिटावरील वजनाचाच आधार घ्यावा. ५०० ग्रॅमचे पाकीट एकदा आपल्या नेहमीच्या वाटीने मोजून काढावे. दहा वाट्या भरल्या, तर वाटीत ५० ग्रॅम, म्हणजे माणशी दीड वाटीहून किंचित अधिक. दुसऱ्या आकाराचे पाकीट आणले, की पुन्हा मोजावे.