एकच रेक, दोन व्होल्टेज
(लेखांक ७)

मागचा लेख वाचून लालबागच्या एका मंडळाच्या खजिनदारांनी विचारलं : वर्गणीच्या पावत्या आम्ही मोबाइलवरच्या ॲपमधून फाडतो. तेच ॲप मंडळाच्या कॉम्प्युटरवर टाकायला गेलो तर फाइल उघडेचना. असं का?

कारण ॲप एकटं काहीच करत नाही. पावती साठवायची, ब्लूटूथ प्रिंटरला धाडायची, कीबोर्ड वर आणायचा, प्रत्येक वेळी ते ऑपरेटिंग सिस्टीमकडे हात पसरतं, आणि ते मागणं अँड्रॉइडच्या बोलीत असतं. विंडोजला ती बोली कळत नाही. अँड्रॉइड ॲपची एपीके फाइल तिच्या लेखी निव्वळ गाठोडं.

आपल्या लोकलचंही असंच झालं होतं. मुंबईच्या गाड्या पूर्वी १५०० व्होल्ट डीसीवर धावत. तिथून २५ हजार व्होल्ट एसीवर जायला वर्षं लागली. पश्चिम रेल्वेचं काम २०१२ मध्ये उरकलं, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचं २०१५ मध्ये. मधल्या काळात मार्गाचा काही भाग एका विजेवर, उरलेला दुसऱ्या विजेवर. रूळ तेच, पण जुना डीसी रेक एसीच्या तारेखाली निरुपयोगी. म्हणून २००७ पासून दोन्ही विजांवर चालणारे रेक आले. हे रेक २५ हजार व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर पोटात घेऊनच फिरत.

इम्युलेटर म्हणजे असा पोटातला ट्रान्सफॉर्मर. ब्लूस्टॅक्ससारखा इम्युलेटर विंडोजच्या आत आख्खं अँड्रॉइड उभं करतो. चालतं, पण मेमरी खातं; मंडळाच्या जुन्या पीसीला ते ओझं झेपेलच असं नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ मध्ये स्वतःची सोय दिली होती, तीही ५ मार्च २०२५ पासून बंद केली. ॲपलचं त्या मानाने सोपं : २०२० पासूनच्या एम१ मॅकमध्ये आयफोनच्याच घराण्यातला प्रोसेसर आहे, त्यामुळे आयफोनची बरीच ॲप्स तिथे जशीच्या तशी चालतात. मात्र ॲप बनवणाऱ्याने नाही म्हटलं, तर नाही.

दुसरा मार्ग प्रत्येक सिस्टीमसाठी वेगळं ॲप बांधण्याचा. जसं परळचं वर्कशॉप मध्य रेल्वेचं, लोअर परळचं पश्चिम रेल्वेचं, तशी इथेही प्रत्येक सिस्टीमसाठी वेगळी माणसं, वेगळा पगार. छोट्या कंपनीला हे परवडत नाही. गूगलच्या फ्लटरने त्यातला बराच खर्च वाचवला : कोड एकदाच लिहायचा आणि त्यातूनच अँड्रॉइड, आयफोन, विंडोज अशा निरनिराळ्या आवृत्त्या काढायच्या. तरी प्रिंटरचं दुखणं प्रत्येक ठिकाणी निराळं निघतंच.

मला स्वतःला पटतो तो तिसरा मार्ग, ॲप ब्राउझरमध्येच उघडण्याचा. दादरच्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात उभे राहा : गिऱ्हाईक क्यूआर कोडवर फोन धरतं, व्हॉट्सॲप वेब उघडतं, लग्नपत्रिकेची प्रिंट घेतं आणि लॉगआउट न करताच चालू लागतं. २०१५ साली हे वेब आलं तेव्हा तो फोनचा नुसता आरसा होता, फोनचं नेट गेलं की पडदा मुका. २०२१ पासून तेही बंधन सुटत गेलं. (दुकानातून घरी आल्यावर फोनमधली ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ची यादी एकदा बघाच.)

तर खजिनदारसाहेब, ॲपवाल्यांना आधी विचारा : तुमचं वेब आहे का? असेल तर मोबाइलवरच्याच नंबरने कॉम्प्युटरवर लॉगिन करा. नसेल तर यंदा पावत्या फोनवरच फाडा. इम्युलेटरचे प्रयोग करायचेच असतील तर आत्ता करा, चतुर्थीच्या आदल्या रात्री नको.